भिंतीवरचं पाणी

नात म्युनिकला शिकते. मागच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे होते, तेव्हा एका शुक्रवारी ती म्हणाली, "आजी, अभ्यास करून डोकं भणाणलंय. दोन दिवस कुठेतरी नदीकाठी नुसतं बसून येऊ." नदी म्हटलं की मी एका पायावर तयार... सगळा जन्म सांगलीत गेलाय ना! आगगाडीनं अडीचेक तासांत पासाऊला उतरलो. ऑस्ट्रियाच्या सीमेवरचं टुमदार जर्मन गाव, वस्ती जेमतेम ५० हजारांची.

या गावात तीन नद्या भेटतात. डॅन्यूब, इन आणि छोटीशी इल्झ. प्रयागला तिसरी नदी गुप्त असते, इथे तिन्ही डोळ्यांना दिसतात. आल्प्समधून येणारी इन हिरवट, जंगलातून येणारी इल्झ काळपट, आणि मधून डॅन्यूब. गंमत म्हणजे सरासरीनं इनचं पाणी डॅन्यूबपेक्षा जास्त, पण पुढे नाव डॅन्यूबचंच! नातीला हा अन्याय वाटला. मी म्हटलं, अगं, आपल्या कराडला कोयना कृष्णेला समोरासमोर येऊन मिळते, पुढे नाव कृष्णेचंच ना?

इतिहास शिकवायची खोड काही जात नाही, म्हणून थोडं सांगतेच. रोमन साम्राज्याची सीमा इथे डॅन्यूबवर होती, म्हणून त्यांनी इथे ठाणी बांधली. इ. स. ७३९ मध्ये इथे बिशपचं पीठ झालं. पुढे हे बिशप नुसते धर्मगुरू राहिले नाहीत, राजेच झाले आणि १८०३ पर्यंत त्यांनी राज्य केलं. पैसा आला तो मिठावर. इन नदीतून होड्यांनी मीठ यायचं आणि इथून जनावरांच्या पाठीवर लादून बोहेमियाकडे जायचं. १६६२ च्या आगीत गाव जळालं, ते इटालियन कारागिरांनी पुन्हा उभं केलं. आज दिसणारं चर्च तेव्हाचं. त्याच्या ऑर्गनला सुमारे १८ हजार नळ्या आहेत! थोडक्यात, गावाला जे काही मिळालं ते नदीनं दिलं.

आणि नदीनं काय काय नेलं, तेही गावानं लिहून ठेवलंय. डॅन्यूबच्या काठावर जुनं नगरभवन आहे. त्याच्या भिंतीवर महापुरांच्या खुणा आणि त्यांची सालं आहेत. सगळ्यात वर १५०१. ती खूण माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. पाचशे वर्षं लोकांनी ती पाहिली असेल आणि 'जुन्या लोकांच्या गोष्टी' म्हणून सोडून दिली असेल. १९५४ साली पाणी १२ मीटर २० सेंटिमीटरवर गेलं, तरी १५०१ ची खूण वरच राहिली. मग ३ जून २०१३ ला पाणी १२ मीटर ८९ सेंटिमीटरवर चढलं, त्या जुन्या खुणेच्या जवळजवळ हाताशी! म्हणजे भिंत खरंच सांगत होती.

पाणी ओसरल्यावर इथल्या विद्यापीठातली पोरं फेसबुकवरून कामं वाटून घेऊन चिखल उपसायला उतरली. त्यातली कितीतरी बाहेरगावची, शिकायला आलेली. हे वाचून नात बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "आजी, २०१९ ला आपल्याकडे किती होतं गं?"

५७ फुटांच्या वर. सांगलीकराला हे सांगावं लागत नाही. आयर्विन पुलावर ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे आमच्याकडे पाढ्यासारखं पाठ असतं. २००५ ला ५३ फुटांच्या पुढे गेलं तेव्हा सगळे म्हणाले, असं पुन्हा होणे नाही. चौदा वर्षांत झालं. पण २०१९ ची ती मातकट रेघ आज कुठे आहे? आमच्या इमारतीत दिवाळीच्या आधीच रंग दिला. घाण दिसत होती, खरंच आहे. मात्र त्यानंतर भाड्यानं आलेल्या बिऱ्हाडांना पाणी कुठवर येतं हे कळायचं कसं? तळमजल्यावर फ्रिज कुठे ठेवायचा, कागदपत्रं कुठल्या फळीवर, हे त्या रेघेनंच सांगायचं असतं.

मी आयुष्यभर मुलांकडून लढायांची सालं पाठ करून घेतली, त्याबद्दल तक्रार नाही. पण गावाच्या पाण्याची सालंही इतिहासच आहेत, आणि ती पुस्तकापेक्षा भिंतीवर जास्त उपयोगाची. खुणेनं पूर थांबत नाही, पासाऊतही थांबला नाही. पण तो येतो, आणि इथवर येतो, हे नंतरच्या माणसाला कळतं.

आता आमच्या जिन्यात तेलरंगानं एक रेघ आणि खाली साल घालून घ्यायचं ठरवलंय, सोसायटीच्या सभेत विषय मांडणार आहे. कृष्णाकाठच्या आपल्या नातेवाईक मंडळींनीही बघा, तुमच्या भिंतीवर जुनी रेघ शिल्लक असेल तर रंगाऱ्याला तेवढी सोडायला सांगा.