शाहूपुरीची शेव्हरोलेट

साल 1957, खंडेनवमीची सकाळ. तुम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात उभे आहात. लेथ धुऊनपुसून हळदीकुंकू लावून बसलेत, ओतशाळेची भट्टी आज थंड आहे. समोरच्या भिंतीवर चुन्याने लिहिलंय, ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’. चहाचे पैसे द्यायला गेलात तर नव्या पैशांचा हिशोब अजून कुणाच्याच अंगवळणी पडलेला नाही. चार पोरं मिळून आण्याचे किती ते ठरवतायत.

शेडच्या दारात ती उभी आहे. 1951 ची शेव्हरोलेट, शाहूपुरीतल्या एका गूळ-अडत्याची. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चारी चाकांखाली लिंबू.

अमेरिकन गाडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे 1959 ची कॅडिलॅक येते, शेपटाला उंचच उंच पंख आणि त्यात बंदुकीच्या गोळ्यांसारखे लाल दिवे. ती अजून निघायची आहे. तसे कॅडिलॅकला पहिले पंख फुटले ते 1948 मध्येच. हार्ले अर्ल या डिझाइनरने लॉकहीड पी-38 हे लढाऊ विमान पाहिलं, तिथून ती कल्पना आली. ही शेव्हरोलेट त्या मानाने सोज्वळ. गोलसर पाठ, गुबगुबीत मडगार्ड, आणि तोंडावर तुमचा चेहरा दिसेल इतकं क्रोम.

“पाव्हणं, लांबनंच किती बघताय? बसा की आत,” मिस्त्री म्हणतात.

बसा. पुढे अख्खं बाकडं आहे, तिघं ऐसपैस मावतात. गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या खाली, गिअर तीनच. बॅटरी सहा व्होल्टची, त्यामुळे स्टार्टरचं बटण दाबलं की इंजिन आधी दोनदा कण्हतं. मग सहाही सिलिंडर लागतात आणि आवाज इतका खाली बसतो की बंद पडलं की काय म्हणून तुम्ही मिस्त्रींकडे बघता. ते हसतात. सगळेच फसतात इथे.

दारापाशी आणखी दहाजण डोकावतायत. त्यांच्यातल्या एकालाही ही गाडी घेता येणार नाही आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नाहीये. बघण्यात कोल्हापूरकर कधी कमी पडला नाही. छत्रपतींची मेबॅक शाही दसऱ्याला निघते तेव्हा दसरा चौकात तुम्हीही टाचा उंचावल्या आहेतच. पण ती जर्मन, आणि राजाची. ही व्यापाऱ्याची. बघणाऱ्याच्या मनात फरक पडतोच.

पैसे असले तरी नवीकोरी मिळेल, हे दिवस मात्र गेलेत. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत, शिवडीला, जोडणीचा कारखाना काढला होता. नुसते सुटे भाग आणून जोडायचं धोरण सरकारने बंद करायचं ठरवलं आणि 1954 मध्ये जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. फोर्डनेही. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरमधून 1947 पासून डॉज आणि प्लायमाउथ बाहेर पडत होत्या, पण त्यांचाही ओढा आता छोट्या फियाटकडे आहे. उरल्या त्या आधीच्या गाड्या, नाहीतर वकिलातीतल्या साहेबाने जाताना विकलेली एखादी.

आता पाच वर्षं पुढे चला. श्रावण, आंबा घाट, धो धो पाऊस. या गाडीचे वायपर विजेवर नाही, इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर चालतात. चढाला अॅक्सिलरेटर दाबला की ओढ संपते आणि वायपर काचेवर मध्येच थांबतात. दिसण्यासाठी पाय काढावा तर गाडी मागे येते. अडतेशेठ मागच्या सीटवर रामनाम घेतायत. ग्यालनला पंधरा-सोळा मैल देणारी गाडी घाटात किती पिते ते त्यांना न विचारलेलं बरं.

घाटातून परतताना इंजिन ठोकायला लागतं. रॉडचं बेअरिंग गेलं.

आता नीट बघा. या इंजिनात कनेक्टिंग रॉडला तयार बेअरिंग नाहीच, व्हाइट मेटल थेट रॉडमध्ये ओतलेलं असतं. अमेरिकेतून भाग मागवायचा म्हणजे परवाना, परकीय चलन आणि सहा महिने. मिस्त्री रॉड तापवतात, कल्हई करतात, वितळलेला धातू एका दमात ओततात. लेथवर भोक खरवडून झालं की क्रँकला निळा रंग चोपडतात, रॉड बसवून फिरवतात, सोडवतात. निळा डाग जिथे लागला तिथे स्क्रेपरने कागदाच्या जाडीइतकं खरवडायचं. पुन्हा रंग, पुन्हा बसवायचं. दुपार जाते. ऑइल इंजिनं करणाऱ्या गावाला हे काम नवं नाही, म्हणून ही गाडी जगली. कागदोपत्री मालक शाहूपुरीत राहतो. माझ्या लेखी गाडी या शेडची.

1973. तेलाचे भाव भडकले. शेठ गेले, मुलांनी गाडी विकली. नव्या मालकाने इंजिन काढून पर्किन्सचं डिझेल बसवलं, मागे आणखी एक बाकडं घातलं आणि वडाप, म्हणजे रस्त्यातले प्रवासी भरून न्यायचा धंदा, सुरू केलं. शौकीन याला पाप म्हणतात. मला ते पटत नाही. डिझेल नसतं बसवलं तर गाडी त्याच वर्षी भंगारात गेली असती, आणि आज तिच्या क्रोमवरून हात फिरवायला तुम्ही तरी कशाला आला असता?

हो, आज. तुम्ही परत आलात, गाडी विकाऊ आहे आणि तुम्हाला ती हवी आहे. 2021 च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची खास पाटी मिळते, नव्या नोंदणीला 20,000 रुपये. अट एकच नडते. गाडी मुळात होती तशी हवी. शिवाय त्या पाटीवर रोज फिरवायची नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती, अशाच कामांना रस्त्यावर काढायची.

जुनं इंजिन शोधून बसवावं का, असं तुम्ही विचारता. वडापवाल्यांचा नातू मान हलवतो.

“बसवा की. बेअरिंग वतायला माणसं हायत अजून. पर डिझेलचं इंजिन मला परत द्या. शेतावर पाण्याच्या पंपाला लावतो.”