संधिवात हा म्हातारपणाचा भोग नव्हे

जालना जिल्ह्यात परतूरपासून जाफराबादपर्यंत कुठल्याही ओट्यावर सांधेदुखीचा विषय काढा, निकाल ठरलेला असतो. वय झालं की वात धरणारच. त्याला औषध नाही. डॉक्टरांच्या गोळ्या खाल्ल्या तर किडनी जाते. आंबट सोडा, तेल चोळा आणि सोसा. हे मत अडाण्यांचे म्हणून बाजूला सारता येणार नाही. शिकल्यासवरल्या घरांतही तेच ऐकू येते, आणि त्यामागे अनुभव आहे. जन्मभर कापूस वेचलेल्या, उकिडवे बसून खुरपणी केलेल्या बाईचे गुडघे साठीत वाकतात, हे सगळ्यांनी पाहिले आहे. दुकानातून आणलेल्या दुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षे खाऊन मूत्रपिंडे बिघडलेली माणसेही पाहिली आहेत. तरीही या अनुभवातून काढलेला निष्कर्ष चूक आहे, आणि तो सर्वांत जास्त तिशी-चाळिशीतल्या बायकांना भोवतो.

पहिला मुद्दा असा मांडला जातो की सगळी सांधेदुखी म्हणजे एकच वात, हे आपले शास्त्रच सांगते. शास्त्र असे सांगत नाही. चरकाने चिकित्सास्थानात वातव्याधीनंतर वातरक्तासाठी वेगळा अध्याय दिला. माधवकराने ‘माधवनिदाना’त आमवाताचे स्वतंत्र प्रकरण केले. झिजलेल्या सांध्यातला वात, पायाच्या अंगठ्यापासून चढणारे वातरक्त आणि अनेक सांधे सुजवून ताप आणणारा आमवात यांची लक्षणे आणि उपचार जुन्या वैद्यांनी निराळे मानले होते. तेव्हा ‘सगळा वातच’ म्हणणारा माणूस आधुनिक वैद्यकाच्या आधी आयुर्वेदाच्याच विरुद्ध बोलतो आहे.

आजचे वैद्यक हीच विभागणी आणखी बारकाईने करते. गुडघ्यातली कूर्चा झिजते तेव्हा चालल्यावर, जिना चढल्यावर दुखते आणि बसल्यावर बरे वाटते. सकाळचा ताठरपणा थोड्याच वेळात सुटतो. आमवातासारख्या दाहक संधिवातात, म्हणजे ज्याला डॉक्टर र्‍हुमॅटॉइड म्हणतात त्यात, याच्या उलट घडते. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्याच्या अस्तरावर उठते. हातापायांच्या बोटांचे लहान सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात, विश्रांतीने दुखणे वाढते आणि सकाळी तासभर मूठ आवळत नाही. भाकरी थापता येत नाही, ही तक्रार इथे गुडघेदुखीच्या तक्रारीहून जास्त गंभीरपणे घ्यायला हवी. तिसरीकडे चिकुनगुन्या आहे. १९७३ मध्ये बार्शीला त्याची मोठी साथ आली, पुढे तीस वर्षांहून अधिक काळ तो आजार देशातून नाहीसा झाल्यासारखा होता, आणि २००६ मध्ये मराठवाड्याने तो पुन्हा भोगला. त्यातली सांधेदुखी महिनोन्‌महिने रेंगाळते, पण बहुतेकांची हळूहळू ओसरते. या सगळ्यांना एकाच तेलाने चोळण्यात काय अर्थ आहे?

दुसरा मुद्दा वयाचा. याचे उत्तर द्यायला परदेशात जायला नको. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यातले भिगवण पुरेसे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारलेल्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमात १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गावात घरोघर जाऊन ४,०९२ प्रौढांची पाहणी केली. ७४६ जणांना, म्हणजे शंभरात अठरांना, हाडा-सांध्यांचे दुखणे होते. त्यांत झिजेचे रुग्ण बरेच होते, हे खरे. पण सुमारे अर्धा टक्का प्रौढांना र्‍हुमॅटॉइड संधिवात होता. हा आजार बहुधा तिशी ते पन्नाशीत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पटींनी जास्त होतो. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. तिच्यातले प्रौढ बारा लाखांच्या आसपास धरले आणि भिगवणचे प्रमाण लावले, तर सहा हजार माणसे होतात. हा ढोबळ हिशेब आहे, तरी त्यातल्या कितीजणी आज ‘वय झालं’ हे ऐकून गप्प बसल्या असतील, याचा विचार अस्वस्थ करतो.

आता सर्वांत घातक मुद्दा: याला औषध नाही. मुळापासून कायमचे बरे करणारे औषध नाही, हे मान्य. पण आजार आवरणे आणि सांधे वाकडे होऊ न देणे आज शक्य आहे. २००४ साली ग्लासगोच्या डॉक्टरांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाला दर महिन्याला तपासून, सूज मोजून औषध वाढवत नेले. दुसऱ्या गटाला नेहमीप्रमाणे तीन-तीन महिन्यांनी पाहिले. दीड वर्षाने पहिल्या गटातल्या शंभरांपैकी पासष्ट जणांचा आजार शांत झाला होता, दुसऱ्यात फक्त सोळांचा. औषधे नवी नव्हती, महागही नव्हती. नेमाने तपासण्याने हा फरक पडला. उशीर किती महाग पडतो, तेही लक्षात घ्यावे. सूज सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या काही महिन्यांत औषध पोचले तर हाड खाल्ले जाण्यापासून वाचते. एकदा खाल्लेले हाड कोणतेही औषध भरून देत नाही.

ज्या औषधावर हा उपचार उभा आहे ते मेथोट्रेक्सेट. ‘ही तर कॅन्सरची गोळी’ असे कुणी सांगितले की घरचे लोक ती बंद करतात. गोळी कॅन्सरमध्ये वापरतात, हे खरे. आंध्रातल्या भीमावरमला १८९५ साली जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत ज्या संशोधनाचे नेतृत्व करत होते, त्यातूनच ती आली. पण कॅन्सरमध्ये तिची मात्रा हजारो मिलिग्रॅमपर्यंत जाते, आणि संधिवातात आठवड्यातून एकदा साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. आठवड्यातून एकदा, हे शब्द मी मुद्दाम पुन्हा लिहितो. ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. म्हणून चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा, सोबत फॉलिक ॲसिड घ्यावे, रक्ताची आणि यकृताची तपासणी ठरल्या वेळी करावी, दारू टाळावी. मूल हवे असलेल्या बाईने ते आधीच डॉक्टरांना सांगावे, कारण गरोदरपणात ही गोळी चालत नाही. काळजी घ्यावी लागते म्हणून औषधच टाकून देणे हा शहाणपणा नाही. किडनी बिघडवतात त्या मुख्यतः सल्ल्याशिवाय रोज खाल्लेल्या दुखीच्या गोळ्या. मेथोट्रेक्सेट वेळेवर लागू पडले तर त्यांचीच गरज कमी होते.

मग लोक म्हणतात, अमक्या गावच्या पुडीने दोन दिवसांत गुण आला. आला असेल. १९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिले आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. पण थोड्याच काळात सुजलेले चेहरे, ठिसूळ हाडे, वाढलेली साखर दिसू लागली आणि जगभरच्या डॉक्टरांना हात आवरावा लागला. नाव-गाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडण्याचे प्रकार आपल्या देशात वारंवार उघड झाले आहेत. दोन दिवसांत येणारा गुण म्हणूनच संशयास्पद आहे. आणि अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर ती एकदम बंद करणेही धोक्याचे. डॉक्टरांना सांगूनच सोडावी लागते.

याचा अर्थ वनस्पतींना जागा नाही असा नव्हे. भिगवणची पाहणी करणाऱ्या चोप्रांनीच गुडघ्याच्या झिजेवर सुंठ, गुळवेल, आवळा, शल्लकी यांच्या मिश्रणांची रीतसर तुलना केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत वेदना कमी करण्यात ही मिश्रणे सेलेकॉक्सिब या दुखीच्या गोळीच्या बरोबरीची ठरली. पण काही रुग्णांत यकृताला होणारा त्रास दाखवणारे एसजीपीटी वाढलेलेही नोंदले गेले. आयुर्वेदाचा खरा मान अशा तपासणीत आहे. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे वाक्य तपासणीत टिकले नाही.

गुडघ्यांबाबत मात्र प्रचलित मताच्या अगदी उलट वागायला हवे. ‘वंगण संपलं, आता हलवू नका’ हा सल्ला मांडीचे स्नायू सुकवतो आणि दुखणे वाढवतो. पाय सरळ करून मांडी आवळण्याचा साधा व्यायाम, रोजचे चालणे, वजन थोडे कमी करणे आणि उकिडवे बसणे टाळणे यांना भक्कम पुरावा आहे. हे शेतमजूर बाईला सांगणे सोपे आहे, तिला ते परवडणे अवघड, ही खरी अडचण आहे. सांधा पुरता गेला असेल तर शस्त्रक्रियेची भीती नको. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याचा भाव ५४,७२० रुपयांवर आणला. आंबटाचे म्हणाल, तर आहाराचा थेट संबंध युरिक ॲसिडच्या वातरक्ताशी आहे, आणि तिथेही दोषी दारू आणि प्राण्यांचे काळीज-गुर्दा हे अवयव आहेत. चिंचेने कुणाची बोटे वाकडी झालेली नाहीत.

आरए फॅक्टर या रक्ततपासणीचा कागद हातात घेऊन फिरणाऱ्यांसाठीही एक शब्द. तो निगेटिव्ह असूनही संधिवात असू शकतो आणि पॉझिटिव्ह असूनही नसू शकतो. निदान बोटे दाबून पाहणाऱ्या डॉक्टरच्या हातात असते.

जालन्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. त्याने आठवड्यातून एक दिवस संधिवाताची बाह्यरुग्ण तपासणी चालवावी, आणि अंबड किंवा घनसावंगी तालुक्यातले एखादे गाव निवडून भिगवणसारखी घरोघर पाहणी करावी. आशाताईंना दोनच प्रश्न विचारायला शिकवावे: बोटांची सूज सहा आठवड्यांहून जास्त टिकली आहे का, आणि सकाळी हात मोकळे व्हायला तासभर लागतो का? उत्तर होय आले, तर त्या बाईला तेल, पुडी आणि उपदेश यांच्या आधी दवाखान्यात न्यावे, त्याच आठवड्यात.