कानावरची बंद वाटी

छत्रपती संभाजीनगरजवळच्या चिकलठाण्यात शांतता दुर्मीळ. जालना रस्त्यावरची वाहने, औद्योगिक वसाहतीतली यंत्रे, लगतचा विमानतळ. अशा गावातल्या शाळेला ध्वनिफिती किंवा संगणकावरचे पाठ ऐकवण्यासाठी हेडफोन घ्यायचे असतील तर ते बंद वाटीचे हवेत, म्हणजे ज्यांची मागची बाजू झाकलेली असते असे. पण पैसे थोडे असतील तर निवड कशी करावी? हेडफोनचा इतिहास पाहिला, तर याचे उत्तर बरेचसे मिळते.

१८९१ साली एर्नेस्ट मेर्कादिये या फ्रेंच अभियंत्याने टेलिफोनसाठी कानात बसणाऱ्या श्रवणकांचे पेटंट घेतले. वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास आणि टोकांना रबराचे आवरण. रबर कशासाठी? कानाला टोचू नये म्हणून आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. सुख आणि बंदिस्तपणा या दोन गोष्टी सुरुवातीपासूनच जोडीने आल्या, हे लक्षात घ्या.

१९१० च्या सुमारास अमेरिकेत नॅथॅनियल बाल्डविन याने घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवून नौदलाकडे पाठवले. बिनतारी संदेश त्यांतून उत्तम ऐकू येत. तक्रार आली ती डोक्यावरच्या पट्ट्याची. मग बाल्डविनने कातडे चढवलेल्या, हव्या तशा सरकवता येणाऱ्या तारांचा पट्टा केला. तासन्‌तास घालून बसणाऱ्याला ध्वनीइतकाच पट्टाही महत्त्वाचा असतो, हा धडा तेव्हाचा.

आपल्याकडे हेडफोन घरात आला तो रेडिओबरोबर. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. प्रक्षेपक अवघा दीड किलोवॉटचा. केंद्राच्या जवळपास राहणाऱ्याला साधा क्रिस्टल सेट पुरे. त्याला बॅटरी लागत नसे. एरियलने पकडलेल्या लहरींच्या ऊर्जेवरच तो चाले. ही ऊर्जा इतकी अल्प, की तिच्यावर खोलीभर ऐकू जाणारा कर्णा चालणे अशक्य. हेडफोन कानाशी घट्ट टेकवावाच लागे.

घट्ट का? पडदा कंप पावतो तेव्हा तो कानाजवळची थोडीशी हवा दाबतो आणि सोडतो. कडेला फट असेल तर हवा तिथून निसटते. खर्जाची कंपने संथ, त्यामुळे हवेला निसटायला वेळ मिळतो. वरच्या स्वरांत तो मिळत नाही. म्हणून फट पडली की आधी खर्ज जातो. वर्गात हे सहज दाखवता येईल. तबल्याची ध्वनिफीत लावून गादीखाली पेन्सिल सरकवा. डग्ग्याचा घुमारा जाईल, चाटीवरचा टणत्कार मात्र राहील.

१९३७ मध्ये जर्मनीतल्या बायर कंपनीने चुंबक आणि हलत्या कुंडलाचा हेडफोन आणला. आज बहुतेक हेडफोन याच तत्त्वावर चालतात. १९५८ मध्ये जॉन कॉस यांनी स्टिरिओ संगीतासाठी हेडफोन बनवला. १९६८ मध्ये झेनहायझर कंपनीने उघड्या पाठीचा हेडफोन काढला. ध्वनी मोकळा आणि कानाला वारा. पण बाहेरचा गोंगाट आत आणि आतले गाणे शेजाऱ्याला! बंद वाटीत हा दोष नाही, मात्र पडद्यामागचा ध्वनी वाटीत आदळून परत येतो. वाटी नीट बनवलेली नसेल तर आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटतो.

आता दुकानात जाऊया. खोक्यावरचे ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हे आकडे फार मनावर घेऊ नका. त्या पट्ट्यात आवाज किती डेसिबलने वरखाली होतो हे लिहिलेले नसेल, तर त्यांवरून दर्जा कळत नाही. त्यापेक्षा हेडफोन पंधरा-वीस मिनिटे घालून बसा. वाटी पूर्ण कान झाकते का? चष्म्याच्या काडीमुळे फट पडते का? कानशिले दुखतात का? नंतर ओळखीच्या माणसाचे बोलणे ऐका. ते मडक्यातले वाटले तर पुढचा नग पाहा. गादी आणि वायर बदलता येत असेल तर उत्तम, कारण स्वस्त हेडफोनमध्ये आधी त्याच जातात.

यात केवळ सोयीचा प्रश्न नाही. वाटी गळकी असेल तर मुले गोंगाटावर मात करायला आवाज वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबलची. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मा होतो. अर्थात ट्रकची खोल घरघर बंद वाटीही पुरती अडवत नाही. ती मुख्यतः वरचे स्वर रोखते. तेव्हा घट्ट वाटी घेतल्यावरही आवाजाची कळ खालीच ठेवायला शिकवावे लागेल. आतल्या कानातल्या रोमपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.