निलगिरीचा वामनावतार

सर्दी झाली असतां रुमालावर टिपून घ्यावयाच्या तेलाची लहानशी बाटली ज्या घरांत नाहीं, असें शहरी घर सांपडणें कठीण. त्या तेलामुळें निलगिरी हें नांव महाराष्ट्रांत घरोघरीं इतकें रुजलें आहे कीं, हें झाड दक्षिणेकडील निळ्या डोंगरांतच जन्मलें असावें अशी पुष्कळांची प्रामाणिक समजूत असते. वस्तुस्थिति निराळी आहे. निलगिरी पर्वतावर हें झाड इ. स. १८४३ च्या सुमारास परदेशांतून आणून लावण्यांत आलें. उटकमंडच्या परिसरांत जळणाची टंचाई भासूं लागली होती; शोला या नांवाचीं तेथील मूळचीं अरण्यें कुऱ्हाडीपुढें ओसरत होतीं; आणि झटपट वाढणारें झाड सरकारला हवें होतें. डोंगरानें झाडाला आसरा दिला आणि मराठींत तरी या पाहुण्याला यजमानाचेंच नांव कायमचें चिकटलें. त्याचें खरें माहेर ऑस्ट्रेलिया.

तेथें या झाडाच्या सातशेंहून अधिक जाती आहेत. त्यांतील 'रेग्नन्स' नांवाची जाति फुलें येणाऱ्या अत्यंत उंच वृक्षांपैकीं एक असून, टास्मानिया बेटावरील तिचा एक वृक्ष सुमारें १०० मीटर, म्हणजे सव्वातीनशें फुटांच्या वर भरला आहे. अशा कुळांतील झाड उथळ कुंडींत, हातभर उंचीचें राखून, वर्षानुवर्षें वाढवावयाचें ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्यास पोरखेळ वाटेल. परंतु गेल्या कांहीं दशकांत ऑस्ट्रेलियांतील हौशी लोकांनीं हा खेळ मनावर घेतला आहे, आणि त्यांतून उद्भवलेला वाद केवळ बागकामाचा राहिलेला नाहीं. दुसऱ्या देशाची कला घरच्या मातींतील झाडावर चालवितांना कलेनें झाडाला वळवावें कीं झाडानें कलेला, असा तो वाद आहे.

आधीं झाडाच्या नांवाची हकीकत. इ. स. १७७७ च्या जानेवारींत कॅप्टन कुक आपल्या तिसऱ्या सफरीवर असतां टास्मानियालगतच्या ब्रूनी बेटावर उतरला. त्याच्यासमवेत डेव्हिड नेल्सन नांवाचा, क्यू येथील बागेनें धाडलेला वनस्पतिसंग्राहक होता. त्यानें तोडून वाळविलेली एक डहाळी लंडनला पोंचली, आणि तेथें ती लेरितिए नांवाच्या फ्रेंच गृहस्थाच्या पाहण्यांत आली. हा गृहस्थ व्यवसायानें पॅरिसचा न्यायाधीश व आवडीनें वनस्पतिशास्त्रज्ञ. कळीवर घट्ट बसलेलें टोपण पाहून त्यानें ग्रीक भाषेंतील 'चांगलें' आणि 'झांकलेलें' अशा अर्थाचे दोन शब्द जुळविले व १७८८ साल छापलेल्या आपल्या ग्रंथांत या कुळाला 'युकॅलिप्टस' असें नांव दिलें. या फुलाला दिसण्याजोग्या पाकळ्या नसतात. कळी उमलते म्हणजे तिचें टोपण गळून पडतें आणि आंतील केसरांचा झुबका बाहेर येतो. नांव समर्पक आहे यांत संशय नाहीं. मात्र नांव देणाऱ्यानें जिवंत वृक्ष त्याच्या रानांत कधींच पाहिला नाहीं. नेल्सनचें दैव तर त्याहून विचित्र. पुढें तो 'बाउंटी' या जहाजावर गेला, तेथील प्रसिद्ध बंडांत कप्तानाबरोबर उघड्या होडींत सोडला गेला, हजारों मैलांचा समुद्र ओलांडून तिमोर बेटावर जिवंत पोंचला, आणि तेथेंच १७८९ सालीं मरण पावला.

दूर बसून नांवें ठेवण्याची ही रीति पुढेंही चालू राहिली. ऑस्ट्रेलियांतील नद्यांच्या कांठीं सर्वत्र उभा असणारा जो तांबड्या लांकडाचा प्रचंड वृक्ष, त्याचें शास्त्रीय नांव 'कॅमाल्डुलेन्सिस' हें इटलींतील नेपल्सजवळच्या एका सरदारी बागेवरून पडलें आहे. कारण १८३२ सालीं ज्या झाडावरून त्याचें वर्णन छापण्यांत आलें तें झाड त्या बागेंत वाढलेलें होतें! मरे नदीकांठच्या आदिवासींना मात्र तो वृक्ष शेंकडों पिढ्यांचा परिचित होता. त्याच्या खोडावरील सालीचा लांबट पट्टा ते अखंड सोलून काढीत व त्याची होडी बनवीत. साल काढलेल्या जागीं व्रण राहतो, भोंवतालची साल त्यावर हळूहळू ओठांसारखी मिटूं पाहते, आणि झाड जगतें. असे व्रण धारण करणारे वृद्ध वृक्ष आजही तेथें उभे आहेत. कुंडींतील झाडावर काळाची खूण उमटविण्यासाठीं जे लोक खोडाचा कांहीं भाग सोलून ठेवतात, त्यांना याहून चांगला नमुना कोठें मिळणार?

या झाडाला जगभर फिरविण्याचें पुष्कळसें श्रेय फर्डिनंड फॉन म्यूलर या जर्मन पंडिताकडे जातें. १८५३ सालीं तो व्हिक्टोरिया वसाहतीचा सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ झाला आणि १८५७ पासून मेलबर्नची बाग त्याच्या ताब्यांत आली. तेथून त्यानें देशोदेशीं बियांच्या पुड्या धाडल्या. परंतु शहरच्या नागरिकांना शास्त्र नको होतें. त्यांना हिरवळी, कारंजीं आणि फिरावयास रम्य वाटा हव्या होत्या. १८७३ सालीं त्याच्याकडून बाग काढून घेण्यांत आली. घरचें झाड घरांत हलकें लेखिलें जातें, याचा अनुभव म्यूलरला आला तसाच पुढें शतकभरानें कुंडींतील निलगिरीलाही आला.

कुंडींत झाड बुटकें राखण्याची विद्या मूळची चीनची. तेथील थांग वंशांतील एका राजपुत्राच्या थडग्यांत, इ. स. ७०६ मधील भित्तिचित्रांत, लहान झाड लावलेलें तबक हातीं घेऊन चाललेले सेवक दिसतात. जपानांत १३०९ सालच्या एका चित्रपटावर अशीं झाडें रंगविलेलीं आहेत. 'बोन्साय' हा शब्द जपानी; 'बोन' म्हणजे तबक आणि 'साय' म्हणजे लागवड. १९२३ च्या भयंकर भूकंपानंतर टोकियोंतील या विद्येचे माळी शहर सोडून ओमिया येथें वसले व १९२५ पासून तेथें वामनवृक्षांचें गांवच उभें राहिलें. दुसऱ्या महायुद्धानंतर ही हौस पश्चिमेकडील देशांत पसरली, तशी ती ऑस्ट्रेलियांतही पोंचली, आणि १९६० नंतरच्या दशकांत तेथें हौशी लोकांचीं मंडळें स्थापन होऊं लागलीं.

मंडळांत येणाऱ्यांच्या हातीं जपानी पद्धतीचीं पुस्तकें होतीं आणि त्या पुस्तकांत पाइन, ज्युनिपर, मेपल हीं झाडें होतीं. कुंपणापलीकडे, रस्त्याच्या कडेला, डोंगराच्या अंगावर जें झाड लक्षावधि संख्येनें उभें होतें त्याचा त्यांत उल्लेख नव्हता. निलगिरी वामन होतच नाहीं, असें ठाम मत पुष्कळ काळ प्रचलित राहिलें. पानें फार मोठीं, वाढ बेफाम, मुळांना हात लावला कीं झाड मरतें, आणि ज्या फांदीवर सारी रचना अवलंबून ठेवावी नेमकी तीच वाळते, अशीं चार कारणें सांगण्यांत येत. या कारणांत तथ्य होतें हें मान्य केलें पाहिजे. परंतु झाडाचा स्वभाव न ओळखतां काढलेल्या दोषांपैकीं निम्मे दोष शिकविणाराचे असतात. वर्गांतील मुलांच्या बाबतींत तर हें नित्य दिसतें.

मुळांचीच गोष्ट घ्या. जपानांतील मेपलची कुंडी वसंताच्या आरंभीं, डोळे फुटण्यापूर्वीं बदलतात. झाड त्या वेळीं निजलेलें असतें. निलगिरी त्या अर्थानें कधीं निजतच नाहीं. थंडींत मुळ्या कापल्या तर नव्या मुळ्या येण्यास उशीर लागतो आणि तेवढ्यांत झाड सुकून जातें. म्हणून अनुभवी लोक आतां हें काम वसंताच्या शेवटीं अथवा उन्हाळ्यांत, झाड जोमानें फुटत असतां करतात. मुळ्या एकदम न छाटतां थोड्या थोड्या कमी करतात, वरचा पालाही त्याच मानानें उतरवितात, आणि कुंडी कांहीं दिवस झळांपासून आडोशाला ठेवतात. माती पाणी झटकन् सोडणारी, खडेवाळू असलेली हवी. रानांत अवर्षण सोसणारें हें झाड कुंडींत मात्र पाण्याचें मोठें तहानेलें असतें. रानांत त्याच्या मुळ्या पाणी शोधीत दूरवर जातात. उथळ तबकांत त्यांनीं कोठें जावें? कडक उन्हाच्या दिवशीं एक वेळचें पाणी चुकलें तर वर्षांची मेहनत संध्याकाळपर्यंत वाळून जाते.

आतां या झाडाचें जें खरें भांडवल, त्याकडे वळूं. बहुतेक जातींत रोप अगदीं कोवळें असतांनाच पहिल्या दोन-तीन पानांच्या बगलेंत लहान फुगवटे धरतात. ते एकमेकांस मिळून खोडाच्या बुडाशीं लांकडी गांठ तयार होते. या गांठींत निजलेले असंख्य डोळे असतात आणि अन्नाचा सांठाही असतो. वणव्यांत वरचें सर्व जळून गेलें तरी जमिनींतील गांठीपासून नवे कोंब उठतात. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशांत 'मॅली' म्हणून जीं बुटकीं, अनेक खोडांचीं निलगिरीचीं झाडें आहेत, त्यांच्या अशा गांठी खणून काढून शहरांत सरपण म्हणून विकल्या जात; त्या तासन् तास धगधगत. कुंडींत झाड वाढविणारानें ही गांठ दर वेळीं माती बदलतांना थोडीथोडी वर उघडी केली, म्हणजे दहा वर्षांच्या झाडाला शंभर वर्षांच्या वृक्षाचें बूड दिसूं लागतें. रेग्नन्स जातींत ही गांठ नसते, आणि त्यामुळें सर्वांत उंच निलगिरी वामनासाठीं निवडणें शहाणपणाचें नव्हे. त्यापेक्षां न्यू साउथ वेल्समधील निकोली ही बारीक, निरुंद पानांची जाति अधिक सोयीची.

गांठीप्रमाणेंच खोडाच्या सालींतही खोलवर सुप्त डोळे असतात. म्हणून सशक्त झाडाचें खोड कोठेंही तोडलें तरी उघड्या लांकडावरून नवी पालवी फुटते. पाइनच्या बाबतींत अशी आशा धरणें व्यर्थ. फुटलेल्या कोंबांतून हवे तेवढे राखावे, बाकीचे खुडावे. तार गुंडाळून वळण द्यावयाचें तें फांदी कोंवळी असतांना. जुनी फांदी वळण्याऐवजीं मोडते. तार गुंडाळली म्हणजे रोज पहावें लागतें, कारण हीं खोडें इतक्या वेगानें जाड होतात कीं तार कांहीं आठवड्यांत सालींत रुतते.

एक अडचण मात्र कौशल्यानेंही पुरती सुटत नाहीं. निलगिरीला बाळपणचीं पानें निराळीं आणि प्रौढपणाचीं निराळीं. तेल देणाऱ्या ग्लोब्युलस जातींत तर बाळपानें गोलसर, देठावांचून समोरासमोर बसणारीं, राखी-निळ्या झांकेचीं. आणि प्रौढ पानें विळ्यासारखीं लांब, खालीं लोंबणारीं. दर छाटणीनंतर जें फुटतें त्यांत बाळपणच परत येण्याचा संभव असतो. म्हणजे ज्या हातांनीं झाडाला लहान राखावयाचें तेच हात त्याला वयांत येऊं देत नाहींत. फुलें प्रौढ फांदीलाच यावयाचीं. तेव्हां कुंडींतील पुष्कळ निलगिरी वर्षें लोटलीं तरी एकदांही टोपण उघडीत नाहींत. ज्यावरून कुळाचें नांव पडलें तेंच दृश्य त्यांच्या वांट्यास येत नाहीं. कांहीं लोक एखाददुसरी फांदी मुद्दाम न छाटतां राखून ठेवतात, डौल थोडा बिघडला तरी चालेल म्हणतात; कांहींना तें पटत नाहीं. येथें पहिल्यांचा पक्ष अधिक रास्त वाटतो.

राहतां राहिला आकाराचा प्रश्न. जपानी पद्धतींत बुंधा जाड, शेंडा निमुळता, खालची फांदी सर्वांत लांब आणि हिरव्या पानांचे आडवे थर एकावर एक, असा त्रिकोणी डौल आदर्श मानतात. पहाडावरच्या पाइनचा तो खरा देह आहे. निलगिरी तशी वाढत नाहीं. सावलींत सांपडलेल्या खालच्या फांद्या ती स्वतःच टाकून देते. खोड उंचावर जाऊन दुभंगतें. फांद्या नागमोडी वर चढतात आणि पानांचे झुबके केवळ टोकांना राहतात, त्यांतून आकाश दिसतें. या झाडाला पाइनचा अंगरखा घालावयाचा म्हणजे रोज त्याच्याशीं भांडावें लागतें, आणि भांडण जिंकलें तरी हातीं येतें तें पाइनसारखें कांहीं तरी.

डोळ्यांनीं हें झाड पाहावयास शिकणें चित्रकारांनाही एकदम साधलें नव्हतें. इंग्लंडहून आलेल्या अनेकांनीं ऑस्ट्रेलियाच्या रानांत ओकवृक्षच रंगविले. जॉन ग्लोव्हर हा चित्रकार १८३१ सालीं टास्मानियांत उतरला तेव्हां चौसष्ट वर्षांचा होता. ज्या वयांत माणसें हातची काठी शोधतात त्या वयांत त्यानें हातचा कुंचला नव्यानें धरला आणि निलगिरीच्या वेड्यावांकड्या फांद्या व त्यांमधील मोकळी जागा जशी दिसते तशी उतरविली. पुढें हान्स हायसन यानें दक्षिण ऑस्ट्रेलियांत या वृक्षांची तांबूस-पांढरी साल, तीवरचें ऊन आणि त्यांचा भारदस्तपणा रंगवीत आयुष्य घालविलें. १९६८ सालीं तो वारला. कुंडीवाल्यांनीं जपानी पुस्तक मिटून अशा चित्रांकडे आणि कुंपणापलीकडच्या रानाकडे पाहण्यास आरंभ केला, तेव्हां त्यांची निलगिरी निलगिरीसारखी दिसूं लागली. उंच पहाडावर बर्फ व वारा सोसून पिळवटलेली 'स्नो गम' ही जाति तर निसर्गानें स्वतः घडविलेला वामनवृक्ष आहे.

पाइनच्या रूपांतली निलगिरी चूकच, असें सर्वजण आजही मानीत नाहींत. कलेला देश नसतो, आकार सुंदर असला म्हणजे झालें, असें म्हणणारे तेथें आहेत, आणि त्यांचीं झाडें सुंदर असतातही. पण तीं पाहून निलगिरीची आठवण होत नाहीं, एवढें खरें.

ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा येथें राष्ट्रीय वृक्षोद्यान फेब्रुवारी २०१३ मध्यें लोकांसाठीं उघडण्यांत आलें, आणि वामनवृक्षांचा राष्ट्रीय संग्रह त्यांत ठेवण्यांत आला आहे. जपानी व चिनी परंपरेच्या झाडांच्या पंक्तीस तेथें देशी झाडेंही मांडलेलीं असतात. ज्या टेकड्यांवर हें उद्यान आहे तेथें पूर्वीं परदेशी पाइनची सरकारी लागवड होती. २००१ च्या डिसेंबरांत आणि पुन्हा २००३ च्या जानेवारींत वणवे आले. दुसऱ्या वणव्यानें शहरांतील शेंकडों घरें घेतलीं, चार माणसें दगावलीं, आणि टेकड्यांवरील पाइन जळून उभ्या उभ्या काळ्या पडल्या. त्या पुन्हा फुटल्या नाहींत. भोंवतालच्या रानांत जळक्या सालींतून निलगिरीला कोंब आले, आणि ते बाळपणच्या गोल पानांचे होते.