शेजारची शाळा आणि वेगळे मूल

१९४७ मध्ये देशाची फाळणी झाली आणि पंजाबची राजधानी लाहोर सीमेपलीकडे राहिली. राज्यकारभाराला नवे ठिकाण हवे होते, तसेच नव्याने संसार मांडणाऱ्या माणसांना घरेही हवी होती. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी चंडीगड वसवावयाचे ठरले. १९५१ मध्ये ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पज्ञाकडे नगररचनेचे सूत्र आले. मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य आणि प्येर जानरे हे त्याचे सहकारी होते. या नगरात प्रथम उभ्या राहिलेल्या वसाहतींत सेक्टर २२ ची गणना होते. त्याच्या रचनेत जेन ड्रू यांचा वाटा मोठा होता.

सेक्टर म्हणजे सुमारे ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब असा चौकोन. वेगाने धावणारी वाहने त्याच्या कडेने जावीत आणि आतल्या रस्त्यांवर माणसाने निर्धास्तपणे चालावे, ही त्यामागील कल्पना. दुकाने, दवाखाना आणि शाळा हे सारे चालत पोहोचता येईल इतक्या अंतरावर असावयाचे. मधून हिरवा पट्टा जावयाचा आणि शाळा व क्रीडांगणे त्याच्या आश्रयाने असावयाची. साध्या पगाराच्या सरकारी नोकरांसाठीही येथे घरे बांधण्यात आली. पैसा बेताचा होता. म्हणून विटांचे बांधकाम करण्यात आले आणि उन्हाला अडविण्यासाठी जाळीदार भिंतींचा उपयोग झाला. परंतु पैसा बेताचा म्हणून शाळा मागाहून पाहू, असे कोणी म्हटले नाही. नळ आणि दिवा यांच्याप्रमाणेच शाळा ही घराची गरज मानली गेली. मोठा रस्ता ओलांडल्यावाचून मुलाने शाळेत जावे, हा विचार त्या काळी लहान नव्हता.

परंतु शाळा दाराशी आली म्हणजे मुलाची गरज पुरी झाली काय? एकाच वर्गात एका मुलाला गणित फळ्यावर लिहून होण्यापूर्वीच सुटलेले असते. दुसऱ्याला ते कळलेले नसते, पण विचारण्याचा धीर होत नाही. शिक्षक स्वाभाविकपणे या दोघांच्या मधल्या मुलाशी बोलतात. घरापासून शाळेपर्यंतचे अंतर पावलांनी मोजता येते. शिक्षकापासून मुलापर्यंतचे अंतर मोजण्यास मात्र निराळे साधन लागते.

या साधनाचा शोध त्याच वर्षांत सुरू झाला होता. १९५२ मध्ये लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली माध्यमिक शिक्षण आयोग नेमला गेला आणि १९५३ मध्ये त्याचा अहवाल आला. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी चंडीगडचे उद्घाटन केले. शास्त्र, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला अशा निरनिराळ्या शाखा असलेल्या बहुउद्देशीय शाळा काढाव्यात, असे आयोगाने सुचविले. पण शाखा अनेक झाल्या की निवडीचा प्रश्न आलाच. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने ही निवड कशाच्या आधारे करावी? बापाच्या इच्छेने, शेजाऱ्याच्या अनुकरणाने, की स्वतःचा कल ओळखून? म्हणूनच आयोगाने मार्गदर्शनावर भर दिला. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, केंद्र सरकारने दिल्लीत शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शनाचे केंद्र स्थापन केले. १९६३ मध्ये विज्ञानातील प्रज्ञाशोधाची योजना दिल्लीत सुरू झाली. पहिल्या वर्षी शिष्यवृत्त्या अवघ्या दहा होत्या, दुसऱ्या वर्षी देशभर ३५० झाल्या.

दाराशी शाळा आणि वेगळ्या मुलाची ओळख हे दोन प्रवाह कोठारी आयोगाच्या १९६६ च्या अहवालात एकत्र आले. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरच्या मातीतले शिक्षणचिंतक जे. पी. नाईक. सर्व थरांतील मुलांनी शेजारच्या एकाच शाळेत शिकावे, असे या अहवालाने सांगितले. गुणवंतांचा शोध घ्यावा आणि मार्गदर्शन प्राथमिक शाळेपासूनच मिळावे, असेही त्यानेच सांगितले.

वरवर पाहता यात विसंगती वाटते, आणि चंडीगडच्या अनुभवाने ती अधिकच बोचते. त्या नगराच्या उत्तरेकडील सेक्टर विरळ वस्तीचे व ऐसपैस, तर दक्षिणेकडील दाट वस्तीचे. शेजारच पगाराप्रमाणे ठरला, तर शेजारची शाळाही पगाराप्रमाणे ठरणार. ज्या मजुरांनी हे नगर उभे केले, त्यांच्या झोपड्यांना तर मूळ आराखड्यात स्थानच नव्हते. त्या झोपडीतील बुद्धिमान मुलाला कोणी ओळखावयाचे?

याचे उत्तर महाराष्ट्रात दोन वाटांनी शोधले गेले. पुण्यात डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञानप्रबोधिनी स्थापिली. आरंभी निरनिराळ्या शाळांतील निवडक मुले आपापली शाळा न सोडता तेथे अधिक शिक्षणासाठी येत. तिची स्वतंत्र प्रशाला १९६९ मध्ये निघाली. दुसरी वाट निवासी शाळेची. १९८५-८६ मध्ये पहिली दोन नवोदय विद्यालये हरियाणात झज्जर येथे आणि महाराष्ट्रात अमरावती येथे सुरू झाली. ग्रामीण भागातील हुशार मुलाला निवडून, घरापासून दूर ठेवून, विनामूल्य शिकविण्याची ही रीत. या वाटेने अनेक मुलांचे भाग्य उजळले. तथापि निवड म्हटली की परीक्षा आली, आणि ज्याच्या हाती परीक्षेचा अर्जच पडला नाही, त्याची हुशारी परीक्षेला दिसत नाही.

२००९ च्या कायद्याने शेजारच्या शाळेचा हक्क सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला दिला. सेक्टर २२ च्या आराखड्यातील कल्पना अशा रीतीने देशाच्या कायद्यात आली. पण कायदा अंतर मोजू शकतो, मूल ओळखू शकत नाही. ते काम माणसाचे आहे. एखादे मूल एकाएकी गप्प का झाले, दुसरे कंटाळून खोड्या का काढते, तिसऱ्याची बोटे चित्रात का रमतात, हे वर्षभर पाहणारा शिक्षक आणि त्याच्या जोडीला जाणता समुपदेशक प्रत्येक शाळेत हवा. शेजारच्या शाळेत असा माणूस भेटला, तर वेगळ्या मुलाला दूर जावे लागणार नाही, आणि ज्याला जावेच लागेल, त्याला निदान अर्ज तरी वेळेवर मिळेल.