टाळू फाटलेल्या बाळाला आईचं दूध कसं पाजायचं? दूध, वजन अन् ऑपरेशनची माहिती

ढाणकी : जगात साधारण ७०० बाळांमागे एक बाळ फाटलेला ओठ किंवा फाटलेली टाळू घेऊन जन्माला येतं. असं बाळ झालं की घरात पहिला प्रश्न पडतो, ते दूध कसं पिणार? त्याचं उत्तर वेळेत मिळालं नाही तर बाळ वाळत जातं, वजन भरत नाही आणि ऑपरेशन लांबणीवर पडतं.

अडचण कुठे येते?

दूध ओढायला तोंडात हवेची पकड लागते. टाळूला फट असली की तोंड आणि नाक एक होतं. फुटक्या पाइपाने पंप पाणी ओढत नाही, तसंच हे आहे. बाळ तोंड हलवतं, पितंय असं वाटतं, पण पोटात फार थोडं जातं आणि बाळ दमून झोपतं. काही दूध नाकातून बाहेर येतं.

फक्त ओठ फाटलेला असेल तर बरीच बाळं अंगावर पितात. आईच्या स्तनानेच ओठाची फट झाकली जाते. टाळू फाटलेली असेल तर मात्र नुसतं अंगावर पाजून बहुतेक बाळांचं भागत नाही.

मग आईचंच दूध का?

अंगावर ओढता येत नाही म्हणजे आईचं दूध बंद, असं नाही. दूध काढून पाजता येतं. टाळू फाटलेल्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, कान वारंवार दुखतात, ऐकू कमी येतं आणि त्यामुळे बोलणंही मागे पडतं.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये अशा २६१ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरचंच दूध घेणाऱ्या २२४ बाळांपैकी जेमतेम २.७ टक्के बाळांचा कान एखाद्या तपासणीत तरी कोरडा आढळला. थोडंफार तरी आईचं दूध मिळालेल्या ३७ बाळांत हे प्रमाण ३२ टक्के होतं. म्हणजे फायदा दुधातच आहे, ते वाटीतून पाजलं तरी.

कसं पाजायचं?

- बाळंतपणानंतर पहिल्या तासाभरातच हाताने दूध काढायला सुरुवात करावी. पहिला पिवळा चीक फेकू नये.
- दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा दूध काढावं. काढलं नाही तर दूध आटतं.
- वाटी-चमचा, बोंडलं किंवा दाबता येणारी मऊ बाटली वापरावी. भांडं १० मिनिटं उकळून घ्यावं.
- बाळाला आडवं झोपवून पाजू नये. डोकं वर, जवळपास बसतं धरावं. घोट गिळल्यावरच पुढचा द्यावा.
- मधूनमधून ढेकर काढावी. एक पाजणं अर्ध्या तासात उरकावं, नाहीतर पिण्यातच बाळाची ताकद जाते.
- नाकातून दूध आलं तर थांबावं, पुसावं, मग पुन्हा पाजावं.
- काढलेलं दूध घरात ४ तासांच्या आत वापरावं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून लवकर. ते गॅसवर उकळू नये, कोमट पाण्यात वाटी ठेवावी.

मध, घुट्टी, पाणी घातलेलं गाईचं किंवा शेळीचं दूध देऊ नये. आईचं दूध कमी पडत असेल तर डॉक्टरांना विचारूनच वरचं दूध द्यावं.

वजनावर लक्ष ठेवा

जन्मानंतर बाळाचं वजन थोडं उतरतं, पण दोन आठवड्यांत ते परत जन्माच्या वजनावर यायला हवं. पुढे दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ चांगली. ओठाच्या ऑपरेशनसाठी डॉक्टर जुना हिशेब सांगतात : वय १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन १०. ओठाचं ऑपरेशन साधारण ३ ते ६ महिन्यांत, टाळूचं ९ ते १८ महिन्यांत होतं. टाळू उशिरा शिवली तर बोलणं नाकातून येण्याचा धोका वाढतो.

बाळ निळं पडलं, धाप लागली, पिणं सोडलं किंवा लघवी कमी झाली तर थांबू नका. १०८ ला फोन करा.

मदत कुठे मिळेल?

आधी आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा. आशाताई बाळाला पहिल्या ४२ दिवसांत घरी येऊन तपासतात. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फाटलेला ओठ आणि टाळू यांचा समावेश आहे. त्यातून मोफत उपचारासाठी पुढे पाठवलं जातं. एक वर्षापर्यंतच्या बाळाला सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी १०२ ची गाडी आहे. मोठं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळला आहे, पण ढाणकीकरांना नांदेडचं जवळ पडतं.

न्यूयॉर्कला स्थायिक झालेले मराठी प्लास्टिक सर्जन डॉ. शरदकुमार दीक्षित यांनी भारतात येऊन अशी मोफत शिबिरं वर्षानुवर्षं घेतली. २०११ मध्ये ते गेले. त्यांच्या स्मरणार्थ भारतीय जैन संघटना शिबिरं घेत आली आहे.

आईला दोष नको

ग्रहणात भाजी चिरली म्हणून ओठ फाटतो, हे खरं नाही. ओठ आणि टाळू पोटात पहिल्या तीन महिन्यांतच जुळतात. आनुवंशिकता, धूम्रपान, फिटची काही औषधं, आटोक्यात नसलेली साखर यांनी धोका वाढतो. बऱ्याच वेळा तर कारण सापडतच नाही. दिवसाला दहा वेळा दूध काढायचं असलेल्या बाईला टोमणे नकोत. तिला वेळेवर जेवण, झोप आणि रात्री वाटी धरायला घरातलं दुसरं माणूस पाहिजे.