युद्धबंद्यांच्या बखरी



महाराष्ट्रांतील पुष्कळ गांवांत चावडीच्या भिंतींत किंवा वेशीपाशीं बसविलेली एक लहानशी शिला आपण पाहिली असेल. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास या गांवांतून इतके पुरुष गेले, पैकीं इतके कामास आले, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. आंकडे दोन; नांव बहुधा एकहि नाहीं. परंतु जे शत्रूच्या हातीं सांपडले, दोन-अडीच वर्षें परमुलुखांत बंदी म्हणून राबले आणि मग हाडांचा सांपळा होऊन घरीं परतले, त्यांचा वेगळा हिशेब या शिलेवर नसतो. मेले नाहींत म्हणून ते दुसऱ्या आंकड्यांत नाहींत, आणि पहिल्या आंकड्यांत ते धडधाकट परतलेल्यांत मिसळून गेले आहेत. आज मला या तिसऱ्या, न कोरलेल्या आंकड्याविषयीं बोलावयाचें आहे.

ही रीत तशी जुनीच. करमाळ्यास जाणाऱ्या मनुष्यास रावरंभा निंबाळकरांचें नांव पदोपदीं भेटतें. किल्ला त्यांचा, कमलाभवानीचें देऊळ त्यांनीं उभारलेलें. पण त्यांच्या पदरीं जे शिलेदार-बारगीर होते, त्यांच्यापैकीं कोण कोठल्या लढाईंत धरला गेला आणि कसा सुटला, हें त्या देवळाचा एकहि खांब सांगत नाहीं. सरदाराचें नांव दगडावर राहतें. शिपायाचें घरांतल्या घरांत, आणि तेंहि फार तर दोन पिढ्या. पुढें सरदारांच्या जागीं इंग्रज सरकार आलें, तरी यांत फरक पडला नाहीं.

१९१४ च्या नोव्हेंबरांत इराणच्या आखाताच्या शिरोभागीं जी फौज उतरली, तिचें नांवच मुळीं 'पुणें डिव्हिजन' असें होतें. तिनें बसरा घेतलें आणि तैग्रिस नदीच्या कांठाकांठानें ती बगदादकडे निघाली. तिच्यांत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. यांतले जवान घाटावरचे आणि कोकणांतले शेतकरी. करमाळ्यासारख्या अवर्षणाच्या तालुक्यांत पलटणीचा पगार म्हणजे काय, हें मीं निराळें सांगावयास नको. १९१५ च्या नोव्हेंबरांत टेसिफनच्या लढाईनें बगदादची वाट बंद झाली, फौज मागें फिरली, आणि डिसेंबरांत कुत-अल-अमारा या नदीच्या वळणांतल्या गांवांत तुर्कांनीं तिला कोंडलें.

हा वेढा जवळजवळ पांच महिने चालला. त्यांतील एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती तोफांची नव्हे, अन्नाची आहे. धान्य संपत आलें तेव्हां घोडे व खेंचरें मारून त्यांचें मांस शिधा म्हणून देण्यास आरंभ झाला. गोऱ्या शिपायांनीं तें खाल्लें. हिंदी शिपायांनीं, हिंदूंनीं तसेंच मुसलमानांनीं, बहुसंख्येनें नाकारलें. सेनापति टाउनशेंड यांनीं हिंदुस्थानांतील धर्माधिकाऱ्यांकडून परवानगी मागविली, ती आली, तरी शिपाई मानेनात. त्यांचें म्हणणें केवळ धर्माचें नव्हतें; तें गांवाचें होतें. आपण घोडा खाल्ला हें गांवीं कळलें, तर पंगतींत कोण बसवील आणि आपल्या घरीं मुलगी कोण देईल, हें भय त्यांना होतें. हिरड्या सुजल्या, दांत हलूं लागले, पहाऱ्यावर उभीं असलेलीं माणसें जागच्या जागीं कोसळूं लागलीं. अखेर एप्रिलांत हजारों शिपायांनीं तें मांस तोंडांत घातलें. तोंवर फार उशीर झाला होता. विमानांतून पिठाचीं पोतीं टाकण्याचा प्रयोगहि तेथें झाला. त्यांतलीं कांहीं नदींत पडलीं, कांहीं तुर्कांच्या हातीं गेलीं.

२९ एप्रिल १९१६ रोजीं कुत पडलें. लढवय्ये आणि नोकरचाकर मिळून सुमारें तेरा हजार माणसें बंदी झालीं, आणि त्यांतलीं बहुतेक हिंदी होतीं. अधिकाऱ्यांना निराळें काढण्यांत आलें. शिपायांना वाळवंटांतून बगदाद, मोसल व पुढें रास-अल-ऐनपर्यंत पायीं हांकलण्यांत आलें. बगदाद रेल्वेच्या कामावर त्यांना दगड फोडावे लागले, भराव घालावे लागले. ताप, अतिसार आणि उपासमार यांनीं हजारों मेले. स्वतः टाउनशेंडसाहेब मात्र कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका बेटावर बंगल्यांत राहिले. त्यांच्या स्पॉट नांवाच्या कुत्र्यास तर तुर्कांनीं सुखरूप विलायतेस जाऊं दिलें. कुत्र्याबद्दल माझी तक्रार नाहीं. पण कुतच्या इंग्रजी ग्रंथांतून त्या कुत्र्याचें नांव हमखास सांपडतें, आणि एखाद्या मराठा शिपायाचें सांपडावयास फार शोधावें लागतें. सेनापतींचा ग्रंथ १९२० सालीं बाहेर पडला. शिपायांनीं ग्रंथ लिहिले नाहींत.

कां लिहिले नाहींत? बहुतेकांस अक्षरओळख नव्हती हें उत्तर खरें, पण माझ्या मतें तें अपुरें आहे. अक्षर नसलेल्या माणसाला वाचा असते. पोवाडे काय लिहितां येणाऱ्यांनींच रचले? मला वाटतें, ज्यानें कुतमध्यें घोडा खाल्ला त्यास आपली हकीकत गांवांत सांगण्याची सोयच नव्हती. बंदिवासाची कथा सांगावयाची तर आधीं वेढ्याची सांगावयास हवी, आणि वेढ्याची सांगितली कीं कोणी तरी विचारणारच, 'मग खाल्लेंस काय?' मार खाल्लेला सांगतां येतो, भूक सांगतां येते. जें गिळलें तें सांगतां येत नाहीं.

त्याच कुतमध्यें बंदी झालेले एक बंगाली गृहस्थ होते, बंगाल अँब्युलन्स कोअरमधले शिशिरप्रसाद सर्वाधिकारी. त्यांनीं रोजनिशी ठेविली होती. पकडले गेल्यावर त्यांनीं ती फाडली, तिचे तुकडे जोड्यांत लपविले आणि पुढें त्यांवरून पुन्हां लिहून काढली. तिचें पुस्तक झालें तें १९५७ सालीं, म्हणजे कुत पडल्यावर चाळीस वर्षांनीं. तरुणपणीं जोड्यांत दडविलेला मजकूर उतारवयांत लोकांपुढें ठेवावयाचा, यास निराळें धैर्य लागतें. पण सर्वाधिकारी शिकलेले शहरवासी होते, हेंहि विसरतां कामा नये.

न लिहिणाऱ्यांचा आवाज एका ठिकाणीं मात्र अकल्पितपणें उरला आहे, आणि नभोवाणीच्या श्रोत्यांना त्याचें विशेष वाटेल. फ्रान्सच्या आघाडीवर जर्मनांनीं पकडलेले हिंदी शिपाई बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फ येथील छावणींत ठेवले होते. तेथें जर्मन भाषापंडितांनीं बंद्यांच्या बोलींचे नमुने ध्वनिमुद्रिकांवर घेतले. १९१६ च्या डिसेंबरांत मालसिंग नांवाच्या एका पंजाबी शिपायानें त्या कर्ण्यापुढें उभें राहून स्वतःची कथा परक्याची असावी तशी सांगितली. कोणी एक मनुष्य होता, तो आपल्या देशीं लोणी खात असे, अशा धर्तीची. पंडितांना व्याकरण हवें होतें. त्यानें त्यांना घरची ओढ दिली. ती ध्वनिमुद्रिका आजहि वाजते.

स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्यास असा प्रसंग १९६२ सालीं चीनकडून आला. सुमारें चार हजार हिंदी सैनिक बंदी झाले. त्यांत ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी होते. त्यांचें शिक्षण मुंबईस झालें, पण जन्म १९२० सालचा, आणि तो बसऱ्याचा. पुणें डिव्हिजन जेथून बगदादकडे निघाली त्याच बसऱ्याचा. नामका चूच्या कांठीं त्यांची ब्रिगेड २० ऑक्टोबरला उधळली गेली, २२ ऑक्टोबरला ते स्वतः पकडले गेले, आणि १९६३ च्या मे महिन्यांत मायदेशीं परतले. त्यांचें 'हिमालयन ब्लंडर' १९६९ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत बंदिवासाच्या दुःखापेक्षां तो बंदिवास ओढवला कसा याचाच जाब अधिक आहे. त्याच युद्धाविषयीं मराठींत लेफ्टनंट कर्नल श्याम चव्हाण यांनीं वालाँगवर पुस्तक लिहिलें, आणि त्याला 'एका युद्धकैद्याची बखर' म्हटलें. हा शब्द मला फार आवडला. बखर एरवीं सरदारांची असते, स्वारीची असते. येथें ती कैद्याची झाली.

असा एखादा वृद्ध सेनाधिकारी आपल्या पुस्तकाच्या प्रती घेऊन शाळेच्या दिवाणखान्यांत बोलावयास उभा राहतो, तेव्हां श्रोते बहुधा लढाईचे प्रश्न विचारतात. शत्रू किती होते, तोफा कोणत्या होत्या, चूक कोणाची झाली. छावणींत रोज सकाळीं काय करीत होतां, घरीं परतल्यावर आप्तांनीं पहिला प्रश्न कोणता विचारला, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. विचारावें, असें मी सुचवितों. त्याचें उत्तर कित्येकदां पुस्तकांत नसतें.

बसऱ्याजवळ ब्रिटिशांनीं मेसोपोटेमियांत मेलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचें एक स्मारक उभारलें. त्यावर गोऱ्या शिपायांचीं नांवें कोरलीं. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या दिली. ही विषमता झाल्याचें स्मारकांच्या आयोगानें २०२१ सालीं मान्य केलें, आणि ब्रिटिश सरकारनें पार्लमेंटांत क्षमा मागितली. आतां तीं नांवें हुडकण्याचें काम चाललें आहे. तीं सांपडतील तीं मेलेल्यांचीं. रास-अल-ऐनहून चालत परतलेला, आणि कधीं पंगतींत बसून घोड्याविषयीं चकार शब्द न काढलेला मराठा शिपाई त्याहि यादींत नसेल.